अडीच वाजताचा नमुना

खोन केनला रात्री अडीच वाजता
निळ्या झाकणाची नळी येते, अजून कोमट.
चिठ्ठीवर बुआलाय, वय सदुसष्ट, खाट अकरा,
यकृताचा उजवा भाग काढल्याला तिसरा दिवस.

मी डॉक्टर नाही. मी रक्त फिरवते,
थांबते, आकडा कळवते.
आज एक पूर्णांक नऊ. काल सहा होता.
वॉर्डातला नवा डॉक्टर थीरापोन
फोनवरच घाबरतो :
पातळ झालंय. सुई बंद. प्लाझ्मा वितळायला टाका.
आणि पाठीतली भुलीची नळी कुणी ओढू नका,
मणक्यात रक्त उतरेल.

त्याचं चुकत नाही, शिकवतात तसंच.
रक्त साकळवणारं सगळं यकृतातच रांधलं जातं,
अर्धी चूल उचलून नेली
तर ताटात कमी पडणारच.
पण साकळू नये म्हणून जे लागतं
तेही त्याच चुलीवर शिजतं,
आणि ते किती आटलं
हे आमचा आकडा विचारत नाही.
तो एकच पारडं बघतो
आणि तराजू कलला म्हणून ओरडतो.

मागच्या वर्षी नोंगखायचा एक नावाडी होता.
आकडा असाच.
त्याच्यासाठी दोन पिशव्या मीच वितळवल्या.
पाचव्या दिवशी तो खिडकीपर्यंत चालत गेला,
नदी दिसते का म्हणाला
(इथून दिसत नाही),
आणि पोटरीतली गुठळी
छातीत पोचली.
प्लाझ्म्यानेच झालं असं म्हणता येत नाही.
कॅन्सरचं रक्त मुळात चिकट.
कुणी मला काही बोललं नाही.
तेच बोचतं.

म्हणून आज न विचारता दुसरं यंत्र लावते.
चिमुकला पेला, त्यात लोंबती कांडी,
पेला डुलतो, डावीकडे, उजवीकडे,
झोपलेल्या पोराची झोळी हलवावी तसा.
पडद्यावर रेघ.
सरळ.
सरळ.

बुआलाय रेशीम काढते, मुलगी सांगत होती,
उकळत्या मडक्यातून एकेक तार.
आणि जन्मभर कोय प्ला, कच्चा मासा, वर लिंबू पिळून.
लिंबाने किडा मरतो असं गावाला वाटायचं.
माझ्या वडिलांनाही.

रेघ दुभंगली.
चार मिनिटंसुद्धा झाली नाहीत.
दोन्ही अंगांनी फुगत चालली,
भरलेल्या चातीसारखी.
पातळ म्हणे!
हे तर दोर वळतंय.

थीरापोन चपला फटफटवत खाली आला,
पडद्याकडे बघत राहिला.
"मग आकडा खोटा?"
"आकडाही खरा."
त्याने मोठ्या बाईंना झोपेतून उठवलं,
हो-हो म्हणत ऐकलं.
प्लाझ्मा नको. सुई सकाळी, छोटी.
पाठीतली नळी आणखी दोन दिवस तिथंच.
पिशव्या मी फ्रीझरमधून काढल्याच नव्हत्या
हे त्याला सांगितलं नाही.

घरी जायच्या दिवशी मी वर गेले. उगाच.
मनगटाला गावाने बांधलेले पांढरे दोरे, आता मळलेले.
सलाइन लावताना नर्स कापायला निघाली
तेव्हा म्हणे म्हातारीने हातच काढून घेतला.
पोटावर निळे-हिरवे डाग.
मुलगी, ओराथाय, पपनसावर सुई टोचायला शिकलेली,
आता अठ्ठावीस दिवस आईवर.

"तू कोण?"
"तुमचं रक्त मी बघितलं."
"कसं होतं?"
शब्द सापडायला वेळ लागला.
"घाईत होतं."
टाक्यांवर तळहात दाबून ती हसली,
हसताना दुखलं, तरी हसली.
ओराथाय चिकटभाताच्या करंडीत सुया मोजत होती.
सव्विसावर अडली.
पुन्हा एकपासून.